एअर रायफलीला मानवणारा छर्रा कसा शोधावा: गोव्यातल्या नव्या नेमबाजांसाठी

सत्तरी-डिचोलीकडच्या कितीतरी घरांत ठासणीच्या बंदुकीच्या आठवणी अजून निघतात. दारू किती घालायची, चिंधी किती घट्ट ठासायची, यावर जुनी माणसं रंगून बोलतात. त्याच घरांतली पोरं आता मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघतात. कोणी रिकाम्या पितळी काडतुसात नवी टोपी बसवतो, काट्यावर दारू तोलतो, वरून गोळी दाबतो आणि शिकारीच्या रायफलीतून शंभर मीटरवर तीन गोळ्या जवळपास एकाच भोकात घालतो. मग प्रश्न येतो: हे आपल्याकडे करता येईल का?

नाही, करता येणार नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा तयार करायला सरकारी परवाना लागतो, आणि घरच्या टेबलावर काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणंच. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांचं सोडा, स्वतःच्या कुळागरात सशावर, कवड्यावर किंवा शेकरूवर साधी एअरगन रोखून छर्रा मारला तरी तो गुन्हाच ठरतो. घरात पिकाच्या राखणीसाठी घेतलेल्या बंदुकीचा जुना परवाना असला, तरी तो शिकारीचा परवाना नव्हे.

पण त्या व्हिडिओंमध्ये जे खरं शिकण्यासारखं आहे, ते दारूत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक बदलाचा निकाल कागदावर बघायचा आणि तो लिहून ठेवायचा, ही ती पद्धत. ती १० मीटरच्या एअर रायफलीवर पूर्णपणे शिकता येते, कायद्यात राहून आणि स्वतःच्या सोप्यावर. ऑलिम्पिकचे नेमबाजही हेच करतात. घाटापलीकडच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू-टूची (०.२२ इंच व्यासाची) काडतुसं वापरतात, आणि ती काडतुसं कोणी घरी भरत नाही. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपांची, काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघायची आणि जो लॉट सर्वांत घट्ट ग्रुप, म्हणजे एकमेकांना सर्वांत जवळ असलेल्या भोकांचा पुंजका, देतो तोच साठवायचा, अशी या खेळाची रीत आहे. एअर रायफलच्या छऱ्याचंही अगदी तसंच.

रायफल घेताना

४.५ मिमी, म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन (०.१७७ इंच) बोअरची, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि नळीच्या तोंडाशी २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू बोअरची एअर रायफल या सवलतीत बसत नाही, म्हणून नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. दुकानदार ओळखपत्र बघून नोंद करतो. बिलाची एक प्रत रायफलीच्या पिशवीतच ठेवा. रस्त्यात पोलिसांनी विचारलं तर दाखवायला तीच उपयोगी पडते. रायफल नेताना ती पिशवीत बंद आणि रिकामी असावी. स्कूटरवर उघडी रायफल मिरवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

नव्या माणसासमोर दोन प्रकार येतात. स्प्रिंगवाली रायफल, म्हणजे नळी मोडून ताणायची, स्वस्त आणि दणकट. पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेवर चालणारी, महाग पण धक्का जवळपास नसलेली. स्पर्धेत उतरायचं असेल तर पुढेमागे पीसीपीच घ्यावी लागते. सुरुवात स्प्रिंगवर केली तरी काही बिघडत नाही, उलट तिच्यावर हात जास्त शिस्तीचा होतो.

आधी जागा, मग रायफल

छऱ्याला खेळणं समजू नका. स्पर्धेच्या रायफलीतून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. तेवढा डोळा कायमचा जायला पुरेसा आहे, आणि चुकून बाहेर गेलेला छर्रा शेजारच्या आवारात सहज पोचतो. म्हणून छर्रा थांबवण्याची पेटी आधी तयार करा.

जाड फळ्यांची चौकोनी पेटी घ्या, पुढून उघडी. मागच्या बाजूला ३ मिमीचा पोलादी पत्रा वरून पुढे झुकवून तिरपा बसवा, म्हणजे छर्रा त्यावर आपटून खाली पडेल. पत्र्यासमोर जुन्या कपड्यांचा जाड थर लटकवा, तो छऱ्याची उसळी शोषून घेतो. चिऱ्याच्या भिंतीवर थेट नेम धरू नका. चिरा काही ठिकाणी भुसभुशीत असतो, काही ठिकाणी अगदी कठीण, आणि शिसं कुठून कसं उलटून येईल याचा भरवसा नाही. पेटीच्या मागे दार असेल तर ते आतून कडी लावून बंद करा. घरात लहान मुलं, कुत्रं, दुपारी येणारी मासळीवाली, सगळ्यांना त्या बाजूची वाट बंद आहे हे माहीत हवं. गच्चीवरून, झाडावर किंवा नारळावर नेम धरायचा नाही.

बाकीचे नियम थोडक्यात. नळी कायम पेटीकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. नेम धरणाऱ्याच्या आणि बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा. मूल शिकत असेल तर मोठं माणूस पूर्ण वेळ शेजारी. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा भरताना दुसऱ्या हाताने मोडलेली नळी घट्ट धरून ठेवा. चाप चुकून ओढला गेला तर नळी झटक्यात मिटते आणि बोटं सापडतात. छर्रा न घालता ती कधी झाडू नका, आतला पिस्टन नुसताच आपटून सील खराब होतं.

टेबल, वाळूची पिशवी आणि पंखा

छर्रा तपासताना आपण स्वतःचा हात तपासत नसतो, हे पक्कं लक्षात ठेवा. माणसाची डगमग जितकी कमी, तितकं छऱ्याचं खरं रूप दिसतं. म्हणून उभं राहून नव्हे, बसून, जड टेबलावर रायफल टेकवून तपासणी करायची. टेबल हलत असेल तर पायाखाली पाचर मारा.

वाळूच्या पिशवीसाठी जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही बाजूंनी शिवला की झालं. पण त्यात किनाऱ्यावरची वाळू भरू नका. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, पिशवी कायम ओलसर राहते आणि तिच्यावर टेकणारं लोखंड गंजतं. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू वापरा.

पीसीपी थेट पिशवीवर ठेवली तरी चालते. स्प्रिंगची रायफल मात्र पिशवीवर दाबून ठेवली की रागावते, आणि ग्रुप विस्कटतो. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच आतला पिस्टन पुढे-मागे धक्का देतो, आणि तो धक्का प्रत्येक वेळी सारखा बसायला हवा. म्हणून डावा तळहात उघडा ठेवून पिशवीवर टेकवा, त्यावर रायफल अलगद ठेवा, मुठीत आवळू नका. दस्ता खांद्याला जेमतेम टेकलेला असावा. दर वेळी तळहात दस्त्याच्या त्याच जागी यावा म्हणून तिथे टेपचा छोटा तुकडा लावून घ्या. बार झाल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवा, मान लगेच वर करून कुठे लागलं ते बघायला जाऊ नका.

अंतर १० मीटर फीत लावून मोजा. छताचा पंखा बंद करा. छऱ्यावर त्याचा परिणाम किरकोळ असतो, पण नेमाचं कागदी कार्ड हलतं आणि मग कशावरच विश्वास राहत नाही. उघड्या सोप्यावर मांडणी असेल तर सकाळ चांगली, दुपारकडे समुद्रावरचा वारा सुटतो. दुर्बीण लावली असेल तर एक खबरदारी घ्या. बऱ्याच स्वस्त दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी बनवलेल्या असतात. १० मीटरवर डोळा जरा सरकला की दुर्बिणीतली नेमाची फुलीही सरकलेली दिसते, आणि दोष छऱ्यावर जातो. १० मीटरवर फोकस होणारी, एअरगनसाठीच बनवलेली दुर्बीण घ्या, नाहीतर उघड्या साइटवरच तपासणी करा. सुरू करण्याआधी दस्त्याचे सगळे स्क्रू आवळून घ्या. स्प्रिंगच्या रायफलीत ते हटकून सैल होतात.

छर्रे निवडणं

१० मीटरसाठी सपाट तोंडाचा छर्रा. तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजायला वाद राहत नाही. गोल डोक्याचा छर्रा लांबच्या अंतरावर चांगला, टोकदार छऱ्याचं इथे काही काम नाही.

डबीवर दोन आकडे बघायचे. पहिला वजन. स्पर्धेच्या रायफलीसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा चालतो, पिस्तुलासाठी याहून हलका. दुसरा डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ असे मिमीच्या शंभराव्या भागात फरक असलेले छर्रे मिळतात. हा फरक डोळ्याला दिसत नाही, नळीला मात्र चांगला कळतो. छर्रा नळीत फार सैल गेला तर तो नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, नीट धरत नाही. फार घट्ट असला तर बसवताना त्याचं घेर असलेलं मागचं टोक चेपतं. तुमच्या नळीला यातला कोणता मानवेल हे कंपनी सांगू शकत नाही आणि दुकानदारही सांगू शकत नाही. एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या दोन नळ्यांची आवडसुद्धा वेगळी निघू शकते.

म्हणून सुरुवातीला एकाच छऱ्याच्या दहा डब्या घेऊ नका. चार-पाच वेगवेगळे छर्रे एकेक डबी घ्या, जमलं तर मित्रांमध्ये वाटून. एच अँड एन, आरडब्ल्यूएस, जेएसबी या कंपन्यांचे स्पर्धेचे छर्रे महाग आहेत. निदान एक डबी तरी त्यातली असू द्या, म्हणजे आपली रायफल चांगल्या छऱ्यावर कुठपर्यंत पोचते हे कळेल. प्रत्येक डबीवरचा लॉट नंबर वहीत उतरवा.

डबीतले छर्रे मऊ कापडावर पसरा. ज्यांचं मागचं टोक चेपलंय, ज्यांच्यावर शिशाची कूस राहिलीय, ते बाजूला काढा. सरावाला ते चालतील, तपासणीला नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा असेल तर वीस-पंचवीस छर्रे तोलून बघा. वजनात फार चढउतार दिसला तर त्या डबीकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका. पण तोलण्याच्या नादी फार लागू नये. काटा वजन सांगतो, निकाल कागदच देतो.

प्रत्यक्ष तपासणी

नळी आधी साफ करा. फेल्टची गोळी नळीतून ढकलली की पुरे, पितळी ब्रश नको. साफ नळी लगेच खरं बोलत नाही. छऱ्यावरचं वंगण नळीत पसरेपर्यंत दहा-पंधरा छर्रे असेच सोडावे लागतात. दर वेळी छर्रा बदलला की कोऱ्या कार्डावर पाच-सहा मारून मगच मोजणीचं कार्ड लावा.

आता महत्त्वाची गोष्ट. तपासणी चालू असताना साइटला हात लावू नका. छर्रे काळ्या गोलाच्या डावीकडे वर लागत असतील तर लागू द्या. आपल्याला ते कुठे लागतात हे नको आहे, ते एकमेकांच्या किती जवळ लागतात हे हवं आहे. खरं तर थोडं बाजूला लागलेलंच बरं, नेमाचा बिंदू फाटत नाही आणि शेवटपर्यंत सारखाच दिसतो.

प्रत्येक छऱ्याचे पाच-पाच बारांचे पाच ग्रुप घ्या. कार्डावर आधीच छऱ्याचं नाव, व्यास, लॉट आणि ग्रुपचा क्रमांक लिहा. पीसीपी असेल तर दर वेळी हवेचा दाब ठरावीक खुणेइतकाच असताना ग्रुप सुरू करा. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: बार झाल्या झाल्या, कार्ड बघण्याआधी, तो कसा सुटला हे मनात ठरवा. हात हलला असं वाटलं तर लगेच वहीत खूण करा. भोक बघून मग "माझा हात हलला असेल" म्हणणं चालणार नाही. तसं केलं की प्रत्येक आवडता छर्रा निर्दोष ठरतो.

मोजायला सोपी रीत: ग्रुपमधल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरतं ते मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. साधी स्प्रिंग रायफल आणि नवा हात असेल तर सुरुवातीला रुपयाच्या नाण्याखाली झाकेल एवढा ग्रुपसुद्धा वाईट नाही. स्पर्धेची पीसीपी आणि मानवलेला छर्रा असेल तर पाचही छर्रे मिळून एकच किंचित फाटलेलं भोक दिसतं. हे अंतर का महत्त्वाचं, तर १० मीटर रायफलच्या कार्डावर दहाचा बिंदू अवघा ०.५ मिमीचा असतो आणि नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं.

आता आकडे कसे वाचायचे ते बघा. समजा पहिल्या छऱ्याचे पाच ग्रुप मिमीमध्ये असे आले: ७.१, ९.८, ८.४, १२.०, ८.६. दुसऱ्याचे असे: ८.९, ९.१, ८.७, ९.४, ९.०. पहिल्याची सरासरी ९.१८, दुसऱ्याची ९.०२. सरासरीत काहीच फरक नाही म्हणा ना. नवा माणूस ७.१ चं कार्ड खिशात घालून मित्रांना दाखवत फिरेल आणि पहिलाच छर्रा घेईल. मी दुसरा घेईन, आणि डोळे झाकून. पहिला छर्रा कधी ७ देतो कधी १२, त्यामुळे स्पर्धेत खराब बार आला तर दोष छऱ्याचा की आपला हे कधीच कळणार नाही. दुसरा दर वेळी तेच सांगतो. त्याच्यावर सराव केला की चूक कुठे झाली ते स्वच्छ दिसतं, आणि चूक दिसली तरच ती सुधारता येते. एका सुंदर ग्रुपवर कधी निर्णय घेऊ नका.

निवडलेले दोन छर्रे दुसऱ्या दिवशी, उलट्या क्रमाने, पुन्हा झाडा. पहिल्या दिवशी थकव्यामुळे शेवटच्या छऱ्यावर अन्याय झाला असेल तर तो इथे भरून निघतो. मग त्यातल्या जिंकलेल्या छऱ्याचेच वेगळे व्यास घेऊन हाच खेळ परत. ब्रँड आणि व्यास एकदम बदलायचा नाही. पकड आणि छर्रा एकदम बदलायचा नाही. एका वेळी एकच बदल, यात कितीही घाई झाली तरी तडजोड नको.

शिसं आणि हात

छर्रा शिशाचा असतो आणि शिसं शरीरात साठतं, मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. पटापट भरता यावेत म्हणून काही मुलं छर्रे ओठांत धरतात. हे दिसलं की तिथेच थांबवा. तपासणी चालू असताना चहा-बिस्किटं टेबलावर नकोत. उठल्यावर साबणाने हात धुवा, मगच फोन, मगच जेवण. पेटीखाली पडलेली शिशाची भुकटी केरसुणीने झाडू नका, ती हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी पेटी साफ करायच्या कामात नसावं.

पावसाळा

इतर ठिकाणची पुस्तकं इथे कमी पडतात. मृग लागला की चवथीपर्यंत आपल्याकडे चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे पोलादी नळीचं काय. प्रत्येक सरावानंतर नळी आणि सगळं उघडं लोखंड तेलाचा हात फिरवलेल्या फडक्याने पुसा. बोटांच्या घामाने गंज सर्वांत आधी चापाजवळ आणि नळीच्या मधोमध धरतो. फोमची गादी असलेल्या पेटीत रायफल पावसाळाभर ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. कपाटात मोकळी उभी ठेवा, कुलूप लावा, सोबत सिलिका जेलची मोठी पिशवी ठेवा आणि तिचा रंग बदलला की ती वाळवा. स्प्रिंगच्या रायफलीच्या हवेच्या नळकांड्यात तेल सोडू नका. दाबाने ते पेट घेतं, आवाज मोठा येतो, सील जातं आणि ग्रुप पार बिघडतो.

छर्रेही दमट हवेत खराब होतात, अंगावर पांढरी भुकटी धरतात. असे छर्रे पुसून वापरायचे नाहीत आणि भुकटी फुंकायची तर मुळीच नाही. डबी घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसह ठेवली की हा प्रश्न येत नाही.

पीसीपीवाल्यांसाठी हवेचं. हातपंपाने पावसाळ्यात हवा भरली की हवेतली वाफ सिलिंडरमध्ये पाणी होऊन साचते. त्यापेक्षा गोव्यात एक चांगली सोय आहे: समुद्रात डुबकी मारायला नेणाऱ्यांकडे कोरडी, गाळलेली हवा भरणारे कॉम्प्रेसर असतात. तिथून मोठी टाकी भरून आणा आणि त्यातून रायफलीचं सिलिंडर भरा. पण साधी हवाच मागा आणि भरताना समोर उभे राहा. डुबकीवाल्यांकडे जादा ऑक्सिजनचं मिश्रणही असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि वंगणाचा थेंब एकत्र आले की आग लागते, स्फोटही होतो. सिलिंडरवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त भरायचं नाही, जोडणीला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झालेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, घरीही ते वापरू नका.

लॉट सापडल्यावर

मानवलेला छर्रा नक्की झाला की त्याच लॉटच्या डब्या पुढच्या मोसमापुरत्या एकदम घ्या. तोच ब्रँड, तोच व्यास, पण लॉट वेगळा असेल तर तो नवा छर्रा समजायचा. पाच ग्रुप घ्यायचे, वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून बघायचे, मगच विकत घ्यायचा. आता साइट फिरवा आणि ग्रुप मध्यावर आणा. ग्रुप एकाएकी फुगायला लागला तर छऱ्याला दोष देण्याआधी या क्रमाने बघा: दस्त्याचे स्क्रू, दुर्बिणीचे किंवा साइटचे स्क्रू, नळीची सफाई, पीसीपी असेल तर हवेचा दाब, स्प्रिंग असेल तर पिस्टनचं सील. यातलं काहीच नसेल, तर पुन्हा टेबलावर बसा आणि त्याच छऱ्याचे पाच ग्रुप घ्या.